अठ्ठावीस कोनांचं गाव

१९६० च्या उन्हाळ्यात आम्ही टस्कीगीला पोचलो तेव्हा मी आठ वर्षांची होते. अमेरिकेच्या दक्षिणेत, अलाबामा राज्यात, मॉन्टगोमेरीपासून साधारण ४० मैलांवरचं हे गाव. बाबा परळच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकलेले, मूळचे सातारा जिल्ह्यातले. टस्कीगी इन्स्टिट्यूटच्या गुरांच्या डॉक्टरीच्या कॉलेजात शिकवायला त्यांना बोलावलं होतं. हे कॉलेज १९४५ मध्ये का निघालं, ते मला पुढे कळलं. जेमतेम २० मैलांवर ऑबर्नला असंच मोठं कॉलेज होतं, पण तिथं काळ्या मुलांना प्रवेशच नव्हता.

आईला वाटलं होतं, अमेरिका म्हणजे पाव-लोण्यावर दिवस काढायचे. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या बाई टोपलीभर भेंडी घेऊन आल्या. त्यांच्या परसात भेंडी होती, रताळी होती, आणि नव्या वर्षाच्या दिवशी चवळी खाल्लीच पाहिजे, नाहीतर वर्ष वाईट जातं, असं त्या आईला बजावून सांगायच्या. भुईमुगाचं तर विचारायलाच नको. याच इन्स्टिट्यूटमध्ये जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी भुईमुगावर आयुष्य घालवलेलं. आईने शेंगदाण्याची चटणी कुटली, त्यांनी ती मक्याच्या पावावर घालून खाल्ली, आणि दोघींचं गोत्र जमलं. इंग्रजी आईला तेव्हा फारसं येत नव्हतं. तरी कुंपणाशी उभ्या राहून दोघी तासन्‌तास बोलायच्या, कशाच्या जोरावर ते देव जाणे.

तर त्याच पहिल्या आठवड्यातली गोष्ट. आई मला घेऊन गावातल्या चौकात दोरा-सुई आणायला गेली. मधोमध यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या सैनिकाचा पुतळा, भोवती दुकानं, त्यातली काही बंद. एका दुकानात शिरलो. गोरा दुकानदार इतका अगत्याने पुढे आला की आई ओशाळली. साडीचं कौतुक केलं, मला गोळी दिली, दारापर्यंत सोडायला आला. आम्ही खुशीत घरी.

संध्याकाळी बाबांचे एक सहकारी आले आणि हलक्या आवाजात काहीतरी बोलून गेले. बाबा आत येऊन म्हणाले, "चौकातल्या दुकानांत जायचं नाही. लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकलाय."

आईला कळेचना. बहिष्कार हा शब्द तिला ठाऊक होता, पण तो गावाने एखाद्या घरावर टाकायचा असतो. त्या घराचं पाणी तोडायचं, न्हावी-धोबी बंद करायचा. खालच्यांनी वरच्यांवर बहिष्कार टाकल्याचं तिने कधी ऐकलं नव्हतं. "त्यांना परवडतं का तसं?" एवढंच तिने विचारलं. बाबा म्हणाले, "तीन वर्षं झाली, परवडतंय."

कारण असं होतं. टस्कीगी ज्या मेकन काउंटीत आहे तिथं दर पाचांत चार माणसं काळी. इन्स्टिट्यूट आणि काळ्या सैनिकांसाठी काढलेलं मोठं सरकारी इस्पितळ, यामुळे शिकलेली, पगारदार माणसंही भरपूर. त्यांनी मतं द्यायला सुरुवात केली तर गाव हातचं जाणार, हे गोऱ्या पुढाऱ्यांना दिसत होतं. म्हणून १९५७ मध्ये अलाबामाच्या विधिमंडळाने कायदा करून गावाची हद्दच बदलली. आधी गाव होतं साधा चौकोन. त्याची अठ्ठावीस बाजूंची आकृती केली. रेघ अशी फिरवली की सुमारे ४०० काळ्या मतदारांपैकी चार-पाच सोडून बाकी सगळे हद्दीबाहेर पडले. गोरा मतदार मात्र एकही बाहेर गेला नाही. इन्स्टिट्यूटसुद्धा गावाबाहेर! त्याच जूनमध्ये समाजशास्त्राचे प्राध्यापक चार्ल्स गोमिलियन यांच्या पुढाकाराने बहिष्कार सुरू झाला. 'आपल्या मित्रांशीच व्यवहार करा,' एवढंच म्हणायचे. बहिष्कार हा शब्द जाहीरपणे उच्चारायचा नाही, कारण अलाबामात तोही गुन्हा ठरू शकत होता.

बाबांनी मला त्या नकाशाची नक्कल करायला बसवलं. मी पट्टी घेऊन कोन मोजत बसले. एकदा सत्तावीस आले, एकदा एकोणतीस. शेजारच्या बाई मला उगीच खिजवायच्या, "तुझं घर बघ बरं, गावात आलं की बाहेर?" माझं घर तर अमेरिकेतच बाहेरचं होतं, पण ते तेव्हा सुचलं नाही. नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने निकाल दिला की अशा रेघा मारून मताचा हक्क हिरावता येणार नाही. पुढच्या वर्षी चौकोन परत आला.

पण हद्दीच्या आत असणं निराळं आणि यादीत नाव असणं निराळं. हे मी शेजारच्या बाईंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकले.

त्या इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात होत्या, एम.ए. झालेल्या. मतदार म्हणून नाव नोंदवायला त्यांनी तीनदा अर्ज केला होता, आणि तिन्ही वेळा नकारसुद्धा आला नव्हता, काहीच आलं नव्हतं. सगळी तऱ्हा त्या मला गोष्ट सांगावी तशी सांगायच्या. आधी नोंदणी मंडळ भरतंय का ते बघायचं. सदस्य राजीनामे देऊन मोकळे व्हायचे आणि महिनोन्‌महिने मंडळच नसायचं. भरलंच तर काळ्यांची खोली वेगळी, आत एका वेळी दोघेच. सोबत आधीच नोंदलेला एक मतदार हवा, 'मी यांना ओळखतो' म्हणायला, आणि तो वर्षाकाठी दोघांनाच ओळखू शकायचा! मग लांबलचक अर्ज. आणि शेवटी राज्यघटनेचं दुसरं कलम हाताने उतरवून काढायचं. सगळं. आठ-साडेआठ पानं. एक शब्द चुकला, एक स्वल्पविराम गळला, की अर्ज बाद करायला कारण मिळालं.

म्हणून त्या सराव करायच्या. रात्री जेवणं झाली की दिवा ओढून घ्यायचा, पाठकोरे कागद, शाईचं पेन. माझं इंग्रजी लिखाण सुधारावं म्हणून आईने मला त्यांच्याकडे पाठवलेलं, तर मीही शेजारी बसून तेच उतरवायची. कार्यकारी अधिकार राष्ट्राध्यक्षाकडे राहतील, इथपासून. अर्थ काही कळत नव्हता. त्या माझं पान तपासायच्या आणि टिपकागद दाबत म्हणायच्या, "हे मंडळाला चाललं नसतं." माझं इंग्रजी हस्ताक्षर आजही वळणदार आहे, ते त्या दुसऱ्या कलमामुळे.

१९६१ च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती फ्रँक जॉन्सन यांनी हुकूम दिला. गोऱ्यांना जी कसोटी लावता तीच काळ्यांना लावा, आणि मंडळ नियमाने भरवा. शेजारच्या बाई हॅट आणि हातमोजे घालून गेल्या. परत आल्या तेव्हा बोलल्या नाहीत फार. सरावाचे कागद चुलीत घालायला निघाल्या होत्या, मी मागून घेतले. त्यांतलं एक पान कित्येक वर्षं माझ्याकडे होतं, मग पानशेतच्या पुरानंतर बांधलेल्या आमच्या पुण्यातल्या घरात ते वाळवीने खाल्लं.

आता साडीबद्दल सांगते.

कपडे-चपलांसाठी आम्ही मॉन्टगोमेरीला जायचो, शेजारच्या बाईंच्या गाडीतून. एका मोठ्या दुकानात पाणी प्यायच्या दोन जागा होत्या. एक चकचकीत, गार पाण्याची. दुसरी साधं भांडं भिंतीला लावावं तशी. वर पाट्या: 'व्हाइट' आणि 'कलर्ड'. माझ्या शाळेतल्या मैत्रिणी सगळ्या काळ्या, मी इन्स्टिट्यूटच्याच आवारातल्या चिल्ड्रन्स हाउसमध्ये शिकत होते. मी सवयीने दुसरीकडे वळले. तोच एक विक्रेती लगबगीने आली, माझ्या खांद्याला धरून मला वळवलं आणि गोड आवाजात म्हणाली, "तिकडे नाही गं, इकडे." आईच्या साडीकडे तिने एकदा बघून घेतलं होतं.

मी गार पाणी प्यायले. आई तिला थँक्यू म्हणाली. शेजारच्या बाई चार पावलांवर हॅटा बघत उभ्या होत्या. नुसत्या बघत, कारण काळ्या बाईने हॅट डोक्यावर घालून बघायची नाही, असा तिथला रिवाज. घ्यायची तर अंदाजाने घ्यायची.

या प्रसंगावर मी पुष्कळदा विचार केलाय आणि त्यातलं मला टोचतं ते हे, की मला नवल वाटलं नव्हतं. आठ-नऊ वर्षांची मुलगी, परक्या देशात, पाण्याच्या दोन जागा बघते आणि तिला काहीच वावगं वाटत नाही. कुणी कुठलं पाणी प्यायचं हे ठरलेलं असतं, एवढं मला साताऱ्याहून येतानाच ठाऊक होतं.

शाळेत मात्र मी वेगळंच बोलले. आमच्या बाई गांधीजींवर शिकवत होत्या. मीठ, दांडी, सत्याग्रह. मुलं माझ्याकडे वळून वळून बघत होती आणि मी गांधीजी माझे चुलत आजोबा असल्यासारखी बसले होते. एका मुलाने विचारलं, "तुमच्याकडे असतं का हे, कलर्ड आणि व्हाइट?" मी म्हटलं, "नाही." घरी येऊन बाबांना सांगितलं. ते पेपर वाचत होते. म्हणाले, "बरोबर आहे. घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नाहीशी केली आहे." मग पेपर खाली ठेवून थोडा वेळ तसेच बसले. पुढे काही बोलले नाहीत.

(मार्टिन ल्यूथर किंग १९५९ मध्ये भारतात आले होते. केरळात एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख 'अमेरिकेतले आपले अस्पृश्य बांधव' अशी करून दिली. क्षणभर त्यांना ते झोंबलं, मग पटलं. हे त्यांनी पुढे आपल्या प्रवचनात सांगितलं. आमच्या वर्गातल्या कुणाला तेव्हा ते माहीत नव्हतं, ही माझी सुटका.)

१९६३ चा सप्टेंबर मला आवाजांतून आठवतो. कोर्टाने गावातल्या गोऱ्यांच्या हायस्कुलात १३ काळ्या मुलांना घ्यायला सांगितलं होतं. शाळा उघडायच्या दिवशी गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांनी राज्याचे शंभराहून अधिक पोलीस पाठवून शाळेला वेढा घातला. गाड्यांची रांग, वायरलेसची खरखर. आठवडाभर शाळा बंद. मग केंद्राच्या दबावाने उघडली, तर काही दिवसांत सगळी गोरी मुलं निघून गेली. त्यांच्यासाठी वेगळी खाजगी शाळा निघाली. एवढ्या मोठ्या इमारतीत ती मूठभर मुलं आणि त्यांचे मास्तर. आमच्या गल्लीतली पोरं 'भुताची शाळा' म्हणायची. जानेवारीत राज्याने 'मुलंच नाहीत' म्हणून तीही बंद केली. मुलांना शेजारच्या नोटासल्गा आणि शॉर्टर गावांत पाठवलं, आणि एप्रिलमध्ये नोटासल्गाची शाळा कुणीतरी जाळली. मी तेव्हा बारा वर्षांची. मला याचं काय वाटायचं असं आता लोक विचारतात. खरं सांगायचं तर माझा सगळा जीव त्या वर्षी रोलर स्केट्समध्ये होता.

पण संडासाची चावी मला पक्की आठवते.

१९६५ चा उन्हाळा. बाबांनी जुनी गाडी घेतली होती. अटलांटाहून येताना एका पेट्रोलपंपावर थांबलो. आई उतरली, पदर सावरला, आणि विचारायच्या आत त्या माणसाने खुंटीवरची किल्ली तिच्या हातात ठेवली. लाकडाचा मोठा तुकडा बांधलेली किल्ली. आम्ही दोघी जाऊन आलो. परत येताना बघितलं, पलीकडे दुसरी गाडी उभी, त्यात एक काळं कुटुंब. बाई खाली उतरली नाही. मागच्या सीटवर चादर आडवी धरून ती पोराला कॉफीच्या रिकाम्या डब्यावर बसवत होती. सार्वजनिक जागी असा भेद करायला आदल्याच वर्षी कायद्याने बंदी झाली होती.

१९६६ च्या ३ जानेवारीच्या रात्री टस्कीगीत, एका पंपावर, सॅमी यंग नावाच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने संडास वापरायला मागितला. नौदलातून परत आलेला मुलगा. मतदार-नोंदणीच्या कामात असायचा. इन्स्टिट्यूटच्या आवारात त्याला सगळे ओळखत. पंपावरच्या माणसाशी वादावादी झाली आणि त्याने गोळी घातली. सकाळी आम्हाला कळलं तेव्हा बाबांचे विद्यार्थी चौकाकडे निघाले होते, पावसात, ओळीने. आई दारात उभी राहून बघत होती. मग आत गेली आणि माळ्यावरचा एक पत्र्याचा डबा काढून, घासून, गाडीच्या डिकीत ठेवला. त्यानंतर देशी परतेपर्यंत कुठल्याही पंपावर तिने किल्ली मागितली नाही की दिलेली घेतली नाही. यावर घरात एक शब्दही झाला नाही.

डिसेंबरमध्ये शेजारच्या काउंटीत खटला चालला. ज्युरी सगळे गोरे. आरोपी सुटला. त्या रात्री विद्यार्थ्यांनी चौकातल्या सैनिकाच्या पुतळ्याचं तोंड काळं केलं आणि पाठीवर पिवळा पट्टा ओढला. तिकडे पिवळा रंग भेकडाचा. मी दुसऱ्या दिवशी शाळेला जाताना बघितला. वास्तविक तोंडाला काळं फासणं म्हणजे काय हे आपल्याइतकं कुणाला कळणार, पण तिथं ते कळवायला काळ्यांनीच काळा रंग आणला, याची मला गंमत वाटत राहिली. त्याच नोव्हेंबरात ल्यूशस अमर्सन शेरीफ, म्हणजे काउंटीचे पोलीसप्रमुख, म्हणून निवडून आले होते. यादवी युद्धानंतरचा थोडा काळ सोडला तर दक्षिणेतले पहिले काळे शेरीफ. शेजारच्या बाईंनी त्यांना मत दिलं.

१९६७ मध्ये बाबांची मुदत संपली आणि आम्ही परत आलो. मी पंधरा वर्षांची, मराठी अडखळती, पायात स्नीकर्स. पहिले दोन महिने गावी, आजीकडे.

वाड्याच्या अर्ध्या भिंती काळ्याच होत्या. गांधीवधानंतर १९४८ मध्ये तो जाळला होता, फक्त पुढचा सोपा आणि माजघर नंतर उभं केलेलं. आम्ही गेलो त्याच आठवड्यात गोठ्यातला एक बैल मेला. दुसऱ्या दिवसापर्यंत तो तिथंच. मी काकाला विचारलं, तर म्हणाला, "पूर्वी महारवाड्यातून येऊन ओढून न्यायचे. आता ते बुद्ध झालेत, नाही येत." आवाज असा की जणू त्यांनी आमचं काही चोरून नेलं होतं.

बाबा उठले. कमरेला पंचा बांधला, दोराची गाठ मारली आणि दोघा पुतण्यांना, गड्याला हाक मारली. मी पण लागले. टस्कीगीला शवविच्छेदनाच्या खोलीत मेलेल्या गाई-खेचरांमध्ये सात वर्षं काढलेला माणूस तो. पाय कुठे बांधायचे, धड कसं वळवायचं, सगळं सवयीचं. परड्याच्या टोकाला खड्डा खणून पुरेपर्यंत दुपार कलली. आजी सोप्यात बसून बघत होती.

"एवढं शिकून समुद्रापल्याड गेलास, ते ढोर ओढायला?"

"आई, पगार त्याचाच मिळत होता," बाबा म्हणाले.

आंघोळ विहिरीवर झाली. कपड्यांसकट. त्याशिवाय आजीने आत घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक म्हातारी अंगण झाडायला आली. मी तिला ओळखलं. लहानपणीही तीच यायची. झाडून झाल्यावर ती बाहेरच्या भिंतीच्या कोनाड्याशी गेली, पालथी घातलेली कपबशी काढली. कान तुटलेला कप. मी तो विसरले होते असं मला वाटत होतं, पण हाताला आठवत होतं: पाच-सहा वर्षांची असताना या कपात चहा मी ओतलेला, उंचावरून, धार सांडू न देता, आणि तसं जमल्याबद्दल आजीने शाबासकी दिलेली.

या वेळी किटली आईच्या हातात होती. आजी समोर बसलेली. आईने माझ्याकडे बघितलं नाही. तिने वरून ओतला.

मी त्या दिवशी आजीशी भांडले. मोडक्या मराठीत, मध्ये मध्ये इंग्रजीत. टस्कीगी, पाण्याच्या पाट्या, सगळं सांगितलं. आजीने ऐकून घेतलं आणि जळक्या भिंतीकडे बोट केलं. "हे जाळलं तेव्हा कुठे होते गं तुझे हक्क?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही त्या प्रश्नाचं उत्तर मी कपाच्या प्रश्नापासून वेगळं ठेवते, आणि दोन्ही शिल्लक राहतात.

रात्री मी निळ्या एरोग्रामवर शेजारच्या बाईंना पत्र लिहिलं. वर्गात मी 'नाही' म्हटलं होतं ते खोटं होतं, असं लिहिलं. कपाबद्दल लिहिलं. आईचं लिहिलं नाही. वळणदार हस्ताक्षरात.

उत्तर पाच आठवड्यांनी आलं. भेंडी चांगली लागली होती, नवं शेरीफ ऑफिस कसं चाललंय वगैरे. माझ्या कबुलीबद्दल ना राग, ना समजूत. शेवटी फक्त एक ओळ: त्या बाईंचं नाव काय?

मला ठाऊक नव्हतं. आजीला विचारलं, तिलाही आठवेना. तिच्या मुलाच्या नावाने 'अमक्याची आई' म्हणत, तेवढंच. दुसऱ्या दिवशी म्हातारी आली तेव्हा मी अंगणात उतरले, कागद-पेन घेऊन, आणि तिला नाव विचारलं.

ती दचकली. कागदाकडे बघून म्हणाली, "कशापायी वं ताई? कसला अर्ज हाय का? सही न्हाई येत मला, अंगठा देतीया."

म्हटलं, अर्ज नाही, अमेरिकेतल्या एक बाई विचारतात.

तिने नाव सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं, आडनाव सांगितलं. मी लिहून घेतलं. मग केरसुणी उचलताना, मला शंका राहायला नको म्हणून बहुधा, म्हणाली, "यादीत बी हाय की माजं नाव. दर टायमाला मत टाकाया जातीया म्या. पयल्या इलेक्शनपास्नं."